हॉलच्या भिंतीला खालून खार फुटलाय, दिवाळीआधी घरीच रंग द्यायचाय. कुठून सुरू करू?

पूर्णाकाठ (परभणी)

हॉल 12 बाय 10 फूट, उंची 10 फूट. विटांचं बांधकाम, वर स्लॅब, तळमजला, खाली काळी जमीन. घराला 22 वर्षं झालीत. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतीला फरशीपासून अडीच फुटांपर्यंत पोपडे निघायलेत, हात लावला की पांढरी भुकटी पडते. वरची भिंत चांगली आहे, फक्त मळलीय. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर असतो. फरशी शहाबादी.

महालक्ष्म्या झाल्या, आता दिवाळीआधी घरच्या माणसांनीच रंग द्यायचा विचार करायलेय. दुकानदार म्हणतो, खालच्या पट्ट्याला ऑइल पेंटचे दोन हात मारा, नाहीतर टाइल्स लावून टाका. पूर्वेच्या भिंतीवर पुस्तकांसाठी तीन फुटी फळ्या लावायच्यात. रंग किती लागेल, कोणत्या क्रमाने करू? बजेट दहा हजारांच्या आत.

ओळंबा

ताई, ऑइल पेंट नको आणि टाइल्सही नकोत. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते, ते पाणी जोत्यातून विटांमध्ये चढतं आणि येताना विटांतले, वाळूतले क्षार विरघळवून आणतं. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. तुमची पांढरी भुकटी ती हीच. त्यावर ऑइल पेंट मारला की पाण्याची बाहेर यायची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं आणि दोन वर्षांनी पोपडे अडीचऐवजी चार फुटांवर दिसतात. टाइल्सचंही तेच, फक्त ते उशिरा कळतं.

आधी ओल कुठली ते बघा. दुधाची प्लास्टिक पिशवी उभी कापून, धुऊन कोरडी करा आणि पोपडे काढलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी रुंद टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवस तशीच ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर पाणी आतून येतंय. खोलीकडच्या अंगाला धरलं तर हवेतली ओल आहे. टेप खारावर चिकटत नाही, म्हणून तेवढी जागा पत्र्याने खरडून कोऱ्या प्लास्टरपर्यंत न्या.

मग घराबाहेर जाऊन त्या दोन भिंतींच्या पायथ्याशी उभं राहा. गच्चीचा पाइप तिथेच उतरतो का? धुण्याचा दगड, नळ, कुंड्या भिंतीला लागून आहेत का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? बाहेरची माती घरातल्या फरशीच्या वर आली असेल तर जोत्यातला ओल अडवणारा थर, म्हणजे डीपीसी, घातलेला असूनही कुचकामी ठरतो, कारण पाणी त्याच्या वरून शिरतं. माती फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली पाहिजे. भिंतीपासून तीन फुटांपर्यंत बाहेरच्या बाजूला दोन इंचांचा उतार द्या, पाइपाचं पाणी पुढे न्या. एवढ्याने अर्धा आजार जातो आणि खर्च फावड्याचा.

आता वाईट बातमी. विटांची भिंत एका बाजूने महिन्याला साधारण इंचभर सुकते. तुमची भिंत नऊ इंची, दोन्ही बाजू मोकळ्या धरल्या तरी चार-पाच महिने. आत्ता पाऊस उघडलाय, म्हणजे भिंत वर्षातली सगळ्यात ओली आहे. दिवाळीपर्यंत ती सुकणार नाही. खालच्या साडेतीन फुटांचं नवं प्लास्टर एप्रिल-मेमध्ये करा. आत्ता त्या पट्ट्यावर प्लास्टर, पुट्टी, प्रायमर यातलं काहीही चढवलं तरी ते पैसे खारात जातील.

खार काढताना पाणी मारू नका. क्षार विरघळून परत आत जातात आणि महिन्याभराने पुन्हा बाहेर. कोरड्या ताराच्या ब्रशने घासा, भुकटी सुपलीत गोळा करून घराबाहेर लांब टाका. झाडून भिंतीच्या पायाशी लोटू नका.

दोन हात

ओळंबांचं सगळं बरोबर. पण मग खालचा पट्टा दिवाळीला उघडा ठेवायचा का? नको. तिथे चुना द्या.

आपल्याकडच्या जुन्या घरांत खाली काव-गेरूचा पट्टा आणि वर पांढरा चुना असायचा, तो उगाच नव्हता. चुन्याची भिंत श्वास घेते, खार आला तर चुना भुकटी होऊन पडतो, पोपडे धरत नाही, आणि दरवर्षी अर्ध्या दिवसात पुन्हा देता येतो. तुमची अडचण आहे तिथेच सजावटही होते: जमिनीपासून 42 इंचांपर्यंत गेरूचा लाल पट्टा, वर फिकट रंग.

दोन ओल्या भिंतींचा खालचा पट्टा 22 गुणिले साडेतीन, म्हणजे 77 चौरस फूट. तीन हातांना पिशवीतला 3 किलो चुना पुरतो. किलोला 5 लिटर पाणी, दुधाइतकं पातळ, रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी धोतराच्या फडक्यातून गाळा. गेरू चुन्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच, म्हणजे 300 ग्रॅम. जास्त घातला तर चुना त्याला धरून ठेवू शकत नाही आणि पाठ टेकली की शर्ट लाल. गेरू आधी वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवून मग मिसळा, नाहीतर भिंतीवर लाल रेघा उमटतात. तीन किलोला 100 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून टाका. काहीजण फेविकॉल घालतात. चिमूटभर चालेल, पण वाटीभर घातलात तर श्वास घेणारा चुना परत प्लास्टिक पेंटच झाला. ओला असताना रंग विटकरी दिसेल, वाळल्यावर बराच फिका पडतो, म्हणून आधी एका विटेवर मारून दिवसभर उन्हात ठेवून बघा. कळीचा चुना घरी विरवायचा असेल तर चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. पिशवीतल्यालाही मोजे लागतातच.

एक लक्षात घ्या, चुना जुन्या प्लास्टिक पेंटवर किंवा पुट्टीवर बसत नाही. तो पट्टा कोऱ्या प्लास्टरपर्यंत खरडावाच लागेल. दोन माणसांचा एक दिवस.

पट्टा दोनच भिंतींना दिला तर खोली अर्धवट वाटते. पूर्व-दक्षिणेच्या कोरड्या भिंतींना त्याच उंचीवर इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लास्टिक पेंट, द्या. पण शेड कार्डावरून निवडू नका. चुना पूर्ण वाळल्यावर त्याच मिश्रणाने रंगवलेली ती वीट दुकानात घेऊन जा आणि तिच्यावरून मॅट शेड काढून घ्या. चकाकीचा घेतला तर शेड जुळूनही वेगळा दिसतो.

वरच्या भिंती दार-खिडक्या वजा जाता साधारण 245 चौरस फूट. 1 लिटर इमल्शनमध्ये दोन हात 50 ते 60 फूट जातात, म्हणजे 5 लिटर: 4 चा एक डबा, 1 चा एक. छत 120 फूट, त्याला पांढरा अडीच लिटर. कोरड्या भिंतींचा लाल पट्टा 66 फूट, दीड लिटर धरा. वॉटर प्रायमर एक हात, 4 ते साडेचार लिटर. पुट्टी फक्त खड्डे आणि भेगांपुरती, 20 किलोची पिशवी उरेल. अख्ख्या भिंतीला पुट्टी लावायच्या फंदात पडू नका. जुना रंग घट्ट असेल तर गरज नाही, आणि पहिल्यांदाच पट्टी धरणाऱ्याच्या हातून भिंतीवर लाटा येतात.

घट्ट आहे की नाही ते कसं कळायचं? काळ्या फडक्याने भिंत जोरात पुसा. फडकं पांढरं झालं तर खाली जुना चुना किंवा भुरभुरीत डिस्टेंपर आहे. तो खरडून, ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच प्रायमर. या एका कारणाने जेवढे नवे रंग पापुद्र्यासारखे सुटतात तेवढे हलक्या रंगानेही सुटत नाहीत.

क्रम: छत, मग वरच्या भिंती, शेवटी पट्टा. पुट्टी वाळायला एक रात्र, मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, पुसणं, प्रायमर, सहा तास थांबून 320 चा हलका हात, पुन्हा पुसणं, मग रंगाचे दोन हात चार-चार तासांच्या अंतराने. घासताना तोंडाला मास्क. डब्यात किती पाणी घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा पेलाभरही जास्त नको. आणि पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात एवढा क्षार असतो की भांड्यावर पांढरा थर बसतो. खार काढण्यात आठवडा घालवून तोच खार डब्यात ओतायचा का? नळाचं नाहीतर फिल्टरचं घ्या.

एकाच शेडचे दोन डबे असतील तर उघडल्यावर बादलीत एकत्र करा. मशीनवर काढलेल्या दोन डब्यांत उन्नीस-बीस फरक राहतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. भिंत मध्येच सोडून जेवायला जाऊ नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात. पश्चिमेची भिंत सकाळी करा. ऊन लागलेल्या भिंतीवर रंग रोलरखालीच वाळतो आणि सांधे दिसतात.

पूर्णाकाठ

गेरूच्या पट्ट्याची कल्पना सगळ्यांना आवडली. शंका तीन. पट्ट्याची रेष सरळ कशी मारायची, आमची फरशी एका कोपऱ्याला उतरती आहे. पश्चिमेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, उन्हाळ्यात जास्त दिसते. ती पुट्टीने भरू का? आणि मेमधल्या प्लास्टरला माल काय लागेल?

ओळंबा

रेष फरशीपासून मोजायची नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, 20 फूट, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एका कोपऱ्यात 42 इंचांवर खूण करा, नळीतलं पाणी त्या खुणेला लावा, दुसऱ्या टोकाचं पाणी जिथे थांबेल तिथे दुसरी खूण. चारी कोपरे झाले की सुतळीला कोरडा गेरू चोळून दोन खुणांमध्ये ताणून धरा आणि मधून ओढून सोडा. रेष आपोआप उमटते. फरशीचा उतार मग पट्ट्याच्या खालच्या अंगाला जातो, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

भेगेचं जरा थांबा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्याबरोबर पाया हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून जाणारी तिरकी भेग बहुतेक त्याचीच. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, मध्यावर रुंदी मोजून तीही लिहा. मेमध्ये पुन्हा बघा. केसाएवढीच राहिली तर व्ही आकारात 3 मिलीमीटर खोल कोरून ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरा. साध्या पुट्टीला लवचीकपणा नसतो, ती पुढच्या उन्हाळ्यात त्याच रेषेवर फाटते. टोक पेन्सिलीच्या पुढे गेलं, किंवा भेगेत जाड पुठ्ठा आरामात शिरायला लागला, तर ते काम रंगाचं राहिलं नाही. इंजिनिअरला दाखवा.

मेमधला माल 77 चौरस फुटांसाठी, 15 मिलीमीटर जाडीने: वाळू 5 घनफूट, सिमेंट साधारण 33 किलो, चुना 12 ते 15 किलो. मापाने 1 सिमेंट, 1 चुना, 6 वाळू. गवंडी म्हणेल, एकास चार करा आणि वॉटरप्रूफिंगचं औषध टाका. ते बाहेरच्या भिंतीला ठीक. आतून ओल चढणाऱ्या भिंतीला घट्ट प्लास्टर म्हणजे ऑइल पेंटचाच मोठा भाऊ. वाळू धुतलेली घ्या, ओढ्यातली खारवट नको. जुनं प्लास्टर ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढा, विटांचे सांधे अर्धा इंच कोरा, आणि नवं प्लास्टर फरशीला टेकवू नका. अर्धा इंच फट ठेवा. मेच्या उन्हात सकाळचं प्लास्टर दुपारी तडकतं, म्हणून संध्याकाळी मारा आणि सात दिवस दिवसातून तीनदा फवाऱ्याने पाणी द्या. ओले गोणपाट लटकवलेत तर आणखी बरं. त्यानंतर महिनाभर हात लावू नका.

किनवटचा साग

फळ्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पुस्तकं दिसतात त्यापेक्षा जड असतात, तीन फुटी फळी भरली की 25 ते 30 किलो. पाऊण इंची प्लाय, रुंदी 10 इंच, खाली तीन ब्रॅकेट. दोनच लावले तर मधोमध झोळ येतो. भुश्याचा पार्टिकल बोर्ड नको, त्याला झोळ आला की परत सरळ होत नाही. दुकानात कापून घेतलेल्या प्लायच्या चारी कडांना आणि मागच्या बाजूलाही प्रायमर द्या. उघड्या कडेतूनच ओल आणि उधई शिरते.

भोकाला 8 मिलीमीटरची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी, 50 मिलीमीटर लांब. ड्रिलच्या बिटला 60 मिलीमीटरवर टेप गुंडाळा. प्लास्टरच अर्धा-पाऊण इंच असतं, गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत गेली पाहिजे. नुसत्या प्लास्टरमध्ये धरलेला स्क्रू महिन्याभराने खपलीसकट बाहेर येतो. सुरुवातीला हॅमर बंद ठेवून टोक बसू द्या, मग चालू करा. भोकातली भुकटी फुंकून काढा, ती राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि लोक हातोडीने ठोकून भोक ढिलं करतात. मऊ लाल धूळ निघाली म्हणजे वीट, बरोबर. करडी धूळ सतत निघत राहिली तर सांध्यात किंवा काँक्रीटमध्ये आहात. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो.

पलंगाच्या किंवा बैठकीच्या डोक्यावर फळी नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप अजून पुरेसा जवळचा आहे. उंच कपाटही वरच्या अंगाला दोन एल-क्लॅम्पने भिंतीला बांधून टाका.

माळवद (अंबाजोगाई)

हेच दगड-मातीच्या वाड्यात चालेल का? भिंत दोन हात रुंद आहे, मजबूत वाटते.

किनवटचा साग

नाही. दगडावर बिट घसरतं, दोन दगडांमधली माती गिट्टीला धरत नाही, आणि ड्रिलच्या हादऱ्याने आतला भराव मोकळा होतो. तुमच्याकडे कोनाडे आणि देवळ्या असतीलच, त्यांच्यातच फळी बसवा: आत दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यांवर आडवी फळी, भिंतीला एकही भोक नाही. आत पांढरा चुना आणि वरच्या कडेला मागे एक एलईडी पट्टी, एवढं पुरे. जास्त पुस्तकं असतील तर जमिनीवर उभी राहणारी मांडणी करा.

वाकळवाली

दोन गोष्टी राहिल्या.

कूलर. पश्चिमेच्या भिंतीचा खार सगळा जमिनीतून आलाय असं मला वाटत नाही. कूलरचं बोअरचं पाणी खिडकीच्या पट्टीवरून भिंतीत झिरपतं, आणि समोरची खिडकी बंद ठेवून कूलर चालवला की ओली हवा खोलीतच फिरते. कूलर स्टँडवर घ्या, चौकटीपासून दोन इंच पुढे, खाली पत्र्याचा ताट बाहेरच्या बाजूला झुकलेला. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी. गारवाही वाढतो.

आणि शहाबादीवर रंगाचे, चुन्याचे डाग पडले तर ॲसिड ओतू नका. शहाबादी म्हणजे चुनखडी, ॲसिडने फेसाळते आणि तेवढा भाग कायमचा खरबरीत होतो. काम सुरू करायच्या आधी खताची रिकामी पोती उसवून, धुऊन अंथरा. प्लास्टिक अंथरलं तर पाय घसरतो आणि थेंब पायाला लागून घरभर जातात.

पश्चिमेच्या भिंतीवर काही टांगायचं झालं तर वाकळ टांगा, फ्रेम नको. मागच्या बाजूला वरच्या कडेला तीन इंची नेफा शिवा, त्यात बांबूची काठी, काठीच्या दोन्ही टोकांना दोरी. कोपऱ्यांना खिळे ठोकले तर सगळा भार दोन टाक्यांवर येतो आणि कापड तिथेच फाटतं. भिंतीपासून इंचभर पुढे राहील असे मागे लाकडी ठोकळे लावा, हवा खेळली पाहिजे. हिमरूचा तुकडा असेल तर तो या भिंतीवर अजिबात नको, त्यात रेशीम असतं, ऊन आणि ओल दोन्ही त्याला खातात. तो दक्षिणेच्या भिंतीवर, काचेला न टेकणाऱ्या फ्रेममध्ये.

पूर्णाकाठ

पिशवी चिकटवून दोन दिवस झाले. उत्तरेला भिंतीकडून दव आहे, पश्चिमेला खिडकीखाली दोन्हीकडून. बाहेर बघितलं तर उत्तरेला माती फरशीच्या बरोबरीला आलीय. आज ती काढायला लागलोय.

ओळंबा

काढताना पायाच्या कडेला खोल खड्डा करू नका, वरची सहा-आठ इंचच. निघालेली माती तिथेच ढीग करून ठेवली तर पहिल्या पावसात परत बसेल. परसातल्या झाडांना टाका. पश्चिमेला आधी कूलरची पट्टी सिलिकॉनने बुजवा, आठ दिवसांनी पिशवी पुन्हा चिकटवा.